सातव्या शेताचं पाणी

जिना चढताना आमच्या घरमालकीणबाई कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मुद्दाम वाजवायच्या. शिक्रापूरला त्यांच्या आठ खोल्या होत्या आणि त्यांत कंपनीत जाणारी पंधरा-सोळा पोरं भाड्यानं राहायची. पाणी तापवायला हीटर लावायचा नाही असा नियम होता, आणि प्रत्येक खोलीत हीटर होता. मी एकदा धीर करून विचारलं, "काकी, येताना एवढा आवाज कशाला करता?"

"आरं, ज्याला जे लपवायचंय ते लपवू दे की," त्या म्हणाल्या. "मला काय धरायचं न्हाई कुणाला. दरारा ठिवायचाय फक्त."

घरमालकीण तुम्हीही पाहिली असेल. पण अशी क्वचितच, असं मला वाटतं.

मागच्या महिन्यात आमच्या आताच्या, दौंडच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये विषय निघाला: डोक्यातून पुसून टाकून पुन्हा पहिल्यांदा खेळावासा वाटेल असा गेम कोणता? मुलं भराभर नावं घेत होती. माझी पाळी आली आणि मी नेहमीसारखा अडखळलो. मग म्हणालो, "मला आमच्या शिक्रापूरच्या घरमालकीणबाईंना पुन्हा पहिल्यांदा खेळताना बघायचंय." सगळे हसले. तिथं मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आमचं गाव कासुर्डी. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दादा तेव्हा शिक्रापूरच्या कंपनीत ऑपरेटर होता आणि मी त्याच्या खोलीवर राहून शिकत होतो. अभ्यासाला म्हणून त्यानं मला एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला होता. तो पाळीला गेला की मी त्यावर अभ्यास करायचो, आणि खोटं कशाला बोलू, एक गेमही खेळायचो.

एका दुपारी काकी टाकी बघायला वर आल्या होत्या. आमच्या दारात थबकल्या. "नळ कुणाचा वाहतोय रं?"

नळ वाहत नव्हता. आवाज गेममधला होता. त्या पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. एक ओसाड डोंगर, त्यावर काठी घेतलेला एक बुटका माणूस, आणि कड्यावरून पडणारं पाणी. आटलेल्या गावापर्यंत ते पाणी न्यायचं, एवढाच गेम. त्यात एक अक्षरही नव्हतं. त्यांनी माझी बादली पालथी घातली, तिच्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "कुठली बटनं दाबायची?"

पहिल्या दिवशी तो माणूस कड्यावरून पडला तेव्हा त्या छातीवर हात ठेवून उठल्याच. "आगं माय! ग्येला!"

"काकी, येतो तो परत. तो बघा."

"परत येतो? मग मेला कशाला मुडदा! माझा जीव घेतला असता." आणि थोड्या वेळानं, काळजीनं, "ह्यानं सकाळपास्नं काय खाल्लंय का रं?"

त्यानंतर त्या रोज चारच्या सुमाराला येऊ लागल्या. खाली कुणी विचारलं तर सांगायच्या, "कालिजवाल्याला वरती शिकवणी देतीया." एकेका ठिकाणी दोन-दोन दिवस अडायच्या. मग एकदम रस्ता सापडला की मांडीवर थाप मारायच्या आणि तोंड असं फुलायचं की मला तो गेम नवाच वाटायचा. मला सगळं माहीत होतं. तरी मी पडदा सोडून त्यांचं तोंड बघत बसायचो.

एकदा एका तुटलेल्या पुलापाशी त्या तीन दिवस अडल्या. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हणालो, "काकी, मागचा तो दगड ढकला."

त्यांनी ढकलला. उरलेला पूल आडवा पडला, वाट झाली. थाप ऐकू आली नाही.

"तू कशाला सांगितलंस?"

"तुम्ही दमला होता म्हणून..."

"मी दमले तर मी दमले. तुला इचारलं व्हतं का?" त्या उठल्या. "ह्यो पूल तुझा झाला आता. माझा न्हाई."

चार दिवस त्या वर आल्या नाहीत. टाकी भरून वाहिली तरी जिन्यात किल्ल्या वाजल्या नाहीत. पाचव्या दिवशी मी खाली गोठ्यात गेलो. त्या म्हशीला पेंड घालत होत्या. मी म्हणालो, "काकी, चुकलं माझं. परत पहिल्यापासून लावून देतो."

"लावशील रं तू," त्या पाटीत हात घालून तशाच वाकून उभ्या राहिल्या. "पन मी इसरू कसं?"

त्या दिवशी त्या वर आल्या, पण अट घालून. मी एक शब्द बोलायचा नाही. त्या चुकल्या, रडकुंडीला आल्या, शिव्या घातल्या, तरी नाही.

पुढं दादाला दौंडकडच्या कंपनीत नोकरी लागली. गावाजवळ, पगारही बरा. खोली सोडायचं ठरलं. रविवारी सकाळी टेम्पो येणार होता, आणि काकी शुक्रवारी शेवटच्या दरीत पोचल्या होत्या.

ही दरी फार वाईट आहे. डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी सात शेतं, कडेनं पाट, प्रत्येक शेताला पाटावर एक दार, वर एक छोटा झरा. सातव्या शेताच्या पलीकडं गाव. पाणी एवढं थोडं, की वरून एकेक शेत भिजवत आलं तर मुरत मुरत पाचव्या-सहाव्या शेतापर्यंतच संपतं. शुक्रवारी त्यांनी नऊ वेळा सोडून बघितलं. शनिवारी किती वेळा, ते मी मोजलं नाही.

दादा सामान बांधता बांधता माझ्या कानात म्हणाला, "सांगून टाक की येड्या. उद्या कॉम्प्युटर जाणार. काकींचा खेळ अर्धा राहील."

"नाही सांगणार."

"राहिला म्हंजी?"

"राहू दे." मी दादाला असं कधी बोललो नव्हतो. तो पुन्हा दोऱ्या आवळू लागला, पण मला रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी टेम्पो आला. गादी गेली, शेगडी गेली, कपाट गेलं. शेवटी मोकळ्या खोलीत फरशीवर कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर पालथ्या बादलीवर काकी. टेम्पोवाला भैया दोनदा वर येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तो दारातच उभा राहिला आणि बघू लागला.

काकींनी वरचं दार उघडायला माणूस नेला आणि थांबल्या. बटणावरचा हात उचलला. मग पडद्याकडं बघतच, पण पडद्याशी नाही, असं बोलू लागल्या.

"आमचं रान कालव्याच्या चारीच्या शेवटाला. टेलाला. चाळीस वरसं दारं धरली मी. वरचे भिजवायचे, त्यांच्या वरचे भिजवायचे, आन् आमच्यात यायचा नुसता वलावा. मग एक सायेब आला त्यानं पाळी फिरिवली. आधी टेलाला द्या म्हनला. आधी खालचं रान, मग वर वर या." त्यांनी श्वास घेतला. "आन् मी, टेलाची बाई, हितं दोन दिस वरनं सोडत बसलीया! थुत् माझ्या जिनगानीवर!"

त्यांनी वरची सहाही दारं बंद केली. पाणी सरळ पाटानं खाली गेलं, सातव्या शेतात. ते भरलं. मग सहावं. मग पाचवं. माणूस काठी टेकत खालून वर चढत होता आणि काकी त्याला "चल बाबा, चल" म्हणत होत्या. पहिलं शेत भरलं तेव्हा खाली गावात एकेक खिडकी उजळायला लागली.

त्यांनी मांडीवर थाप मारली नाही. पदरानं डोळे पुसले आणि तशाच बसून राहिल्या. दारातल्या भैयानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मला एवढा अभिमान वाटला, की जणू माझ्या घरातलं कुणी परीक्षेत पहिलं आलं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुला किती दिस लागले व्हते ह्याला?"

काहीही सांगता आलं असतं. चार दिवस म्हणालो असतो तर त्यांना खरं वाटलं असतं.

"एकही नाही, काकी. मी मोबाइलवर बघून केलं होतं."

"आन् त्यो पूल?"

"तोही."

त्या माझ्याकडं वळल्या. "कालिजात बी असंच करतोस व्हय?"

मी खाली मान घातली. त्यांनी किल्ल्यांचा हात माझ्या पाठीवर जोरात मारला, अजून आठवतो तो. "आरं, रडतोस काय! कबूल केलंस न्हवं? चाळीस वरसं टेलाला राहून मला दोन दिस सुचलं न्हाई. तुझं तर वय काय!" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पन वंगाळ झालं रं. तुझा राहिलाच की खेळ. आन् माझा संपला."

दादा खालून हाक मारत होता. मी वायर काढायला वाकलो. त्यांनी माझा हात धरला.

"थांब. ती दरी परत लाव." आणि दाराकडं बघून, "ओ भैया, इधर आव. बैठो."

"अम्मा, देर हो जाएगी. दौंड तक जाना है."

"होने दो. दौंड किधर भागता नहीं. मैं कुछ नहीं बोलेगी, हां."

भैयानं चप्पल काढली आणि बादलीवर बसला. काकी त्याच्या मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यानं बटणं चाचपली, माणूस चालवून बघितला, हसला, आणि थेट चढून सगळ्यात वरचं दार उघडलं. पाणी पहिल्या शेतात धो धो पडू लागलं.

दादा मिक्सर हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. काकींनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे ओठ गच्च मिटलेले होते आणि डोळे नुसते हसत होते. भैया पुढचं दार शोधत होता, आणि आम्ही दोघंही गप्प होतो.