खोर फक्कानच्या वाटेवर सानिकाचा सरदार

दुबईहून खोर फक्कानला जायचा बेत आम्ही केला तो काही समुद्रासाठी नव्हे. आम्हाला सानिकाला एक गोष्ट सांगायची होती आणि अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये ती सांगायचा धीर ना माझ्या नवऱ्याला, सुहासला, होत होता, ना मला. सन दोन हजार एकचा फेब्रुवारी. लेक सातवीत. जूनपासून तिला पुण्याला आत्याकडे ठेवायचं ठरलं होतं. दहावी-बारावी महाराष्ट्रातून केली नाही तर पुढे इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे वांधे, म्हणून आमच्या ओळखीतले बहुतेक जण हेच करत.

"बीचवर सांगू. तिथे ती खुशीत असते," सुहास म्हणाला.

आता नव्या रस्त्याने पूर्व किनारा पटकन येतो. तेव्हा शारजा, धैद, मसाफी असं जावं लागे. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि डबा घरूनच न्या. मी थालीपिठं आणि दही घेतलं होतं.

मागच्या सीटवर सानिकाची तालीम चालू होती. शाळेत तिला एक सरदार नेमून दिला होता, मध्ययुगातल्या फ्रान्समधला, क्रुसेडला, म्हणजे मुसलमानांविरुद्धच्या धर्मयुद्धाला, गेलेला. त्याचं आयुष्य, बायकामुलं सगळं आपण रचून वर्गात सांगायचं. रीतिरिवाज तेवढे पुस्तकातले हवेत.

"जेरुसलेमला जायला पैसे नव्हते, सो त्याने जमीन मठाकडे गहाण ठेवली. किल्ला वाइफ सांभाळणार. अँड द सन..."

पेट्रोल पंप आला तशी सुहासने काच वर केली. "क्रुसेड वगैरे इथे मोठ्याने नको गं."

"बाबा, इट्स जस्ट हिस्टरी."

"असू दे. खलास."

आखातात राहणारा माणूस ताकही फुंकून पितो. कोण काय ऐकेल आणि व्हिसाचं काय होईल, ही धास्ती आम्हाला कायमचीच. त्या दिवशी मात्र ती बरी वाटली, कारण तेवढा वेळ दुसरी आठवत नव्हती.

मसाफीला रस्त्याच्या कडेने फळांची आणि गालिच्यांची दुकानं लागतात. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करा. पठाण दुकानदार एका गालिच्यासाठी एकशेवीस दिरहमवर अडला होता. "भाभीजी, आपके लिए लास्ट," म्हणत तो सत्तरवर आला. "म्हणजे नऊशे रुपये," सुहासने मोठ्याने हिशेब केला आणि बोलून गेला, "ताईकडे खोलीत बरा दिसेल."

"आत्याकडे? कुठल्या खोलीत?" सानिकाने विचारलं.

मी घाईघाईने चहा मागवला.

फुजैराचा मातकट किल्ला आम्ही खालूनच पाहिला. सुहासने लेकीचे इतके फोटो काढले की रोल तिथेच संपला. एरवी तो फिल्म जपून वापरतो.

खोर फक्कानची खाडी डोंगरांच्या कुशीत आहे. पाणी इतकं शांत की लहान मुलांनाही बिनधास्त सोडावं. आम्ही चादर अंथरली. सुहासने दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा लोणचं मागितलं.

"माझ्या सरदाराचा एंड ऐका ना," सानिका म्हणाली. "मुलगा सात वर्षांचा झाला की त्याला मामाच्या किल्ल्यावर पाठवायचे. सगळेच पाठवायचे. तिथे तो मॅनर्स शिकणार, टेबलावर मोठ्यांना वाढणार. सरदार खूप वर्षांनी परत आला, तेव्हा वाटेत मामाकडे थांबला. एका मुलाने खाली मान घालून त्याला वाइन वाढली. सरदार थँक यू म्हणाला आणि जेवायला लागला. तो त्याचाच मुलगा होता."

"हे पुस्तकात आहे?" सुहासने विचारलं.

"पाठवायचे एवढंच आहे. बाकी मी केलं." तिने थालीपिठाचा तुकडा मोडला. "मला माहितेय, बाबा. फोनवर तू आत्याशी बोलताना ऐकलं. जून ना?"

मला रडू आलं. सुहास समजावत राहिला, सुट्ट्या, फोन, कॉलेज. ती "ओके" म्हणत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी गालिचा उलगडलाच नाही, तसाच पुण्याच्या बॅगेत भरला.

जूनमध्ये ती गेली. पुढच्या वर्षी सुहास ऑफिसच्या कामाने पुण्याला गेला आणि ताईंकडे पोचताच त्याने मला फोन लावला. मी विचारलं, कशी आहे, उंच झाली का, जेवते ना?

"मी सोफ्यावर बसलो," तो म्हणाला, "आणि ती ट्रेमधून पाणी घेऊन आली. खाली मान घालून. ठेवलं आणि आत गेली."

"तू काय केलंस?"

"थँक यू म्हटलं."

इंजिनीअरिंगचे प्रवेश, आमच्या ओळखीतले लोक, ताईंना काय वाटेल, रात्रंदिवस उगाळलेली एकही काळजी तेव्हा मला आठवली नाही.

"घेऊन ये तिला," मी म्हटलं.