पुलावरच्या तीन उड्या

आमच्या ह्यांचं काम काय, तर पुलावर उड्या मारणं. हसू नका. दोन वर्षांपूर्वी नदीला पूर आला आणि धबधब्याकडे जाणारा झुलता पूल वाहून गेला. त्यावर अकरा माणसं होती, त्यातच माझा धाकटा दीर. सरकारनं नवा पूल बांधला, चांगला जाड पोलादी दोरांचा. पण पर्यटक काठापर्यंत यायचे, फोटो काढायचे आणि माघारी फिरायचे. हे पडले वाटाडे, पोट त्यांच्यावरच. मग ह्यांनी एक खूळ काढलं. प्रत्येक घोळक्यापुढे पुलाच्या मधोमध जायचं आणि दाणदाण तीन उड्या मारायच्या. वर विचारायचं, "बघा, काही होतंय का?" लोक हसायचे आणि एकेक करत पार जायचे.

मी अलीकडच्या टोकाला, तिकीटखिडकीत. पहिली उडी पडली की मी डोळे मिटून घ्यायचे. तिसरी झाल्यावरच उघडायचे.

त्या दिवशी किती महिन्यांनी मोठी बस आली. चाळीस माणसं! उड्या झाल्या. तेवढ्यात एका चष्मेवाल्या बाईंनी खिडकीत डोकं घातलं. "ताई, तुम्ही गेलाय का हो पलीकडे?"

"मी कशाला जाऊ? मला इथं काम असतं."

"म्हणजे एकदाही नाही?"

मी उगाच तिकिटं मोजायला घेतली. मेली वकीलच असावी. मागे कुजबुज सुरू झाली, दोघं-चौघं बसकडे वळलेसुद्धा. ही बस अशीच परत गेली असती तर पुन्हा कोण फिरकलं असतं इथं? हे पुलावरून माझ्याकडे बघत होते.

चिडलेच मी. खिडकी धाडकन लावली आणि निघाले. फळीवर पाय टाकला मात्र, पूल हलला, आणि खाली तेच पाणी. जीव मुठीत धरून दहा पावलं गेले आणि पाय उचलेचनात. दिराचा चेहरा समोर आला. खोटं कशाला बोलू, रडू फुटलं. हे पुढे आले आणि त्यांनी माझा हात धरला.

त्यांचा हात गारठलेला, घामानं ओला, लटलट कापत होता.

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"रोजच," ते पुटपुटले. "हस आता. सगळे बघतायत."

मी हसले. मागे टाळ्या पडल्या. वळून पाहिलं तर चष्मेवाली बाई पुलावर चढत होती आणि तिच्यामागे अख्खी बस. ओरडून सांगावंसं वाटलं, नका येऊ. पण मी हसतच राहिले.