चारशे वर्षांचं नाटक आणि आमचे बाबा

जगातलं एक अतिशय थोर नाटक मी एका दुपारी, आमच्या गावात, माझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत मारलं.

गाव अड्याळजवळचं. धानाची मळणी उरकली की आमच्याकडे बैलांचा पट, म्हणजे शर्यती, भरतो आणि पटाला जोडून नाटक. पाहुणे पटाला येतात, ते नाटक पाहूनच जातात. आमचे बाबा, दसरूभाऊ, या नाटकांतले ठरलेले विनोदी नट. नाटक कुठल्याही काळातलं असो, बाबा मोडकी छत्री घेऊनच येत! एकदा तर थेट बादशहाच्या दरबारात शिरले आणि म्हणाले, "सायेब, बाहीर पानी येऊन रायलं, उलीसा थांबू का इथं?" लोक पाच मिनिटं हसत होते (बादशहाही!).

मी तेव्हा नागपूरला बी.ए. करत होतो, म्हणजे अर्धवट शहाणा झालो होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. इंग्रजीच्या सरांनी एक जुनी शोकांतिका शिकवायला घेतली. "चारशे वर्षं झाली," सर म्हणाले, "लंडनपासून जपानपर्यंत आजही लोक हे नाटक बघतात आणि रडतात." झालं! जपान रडतं, मग आमच्या गावानं काय घोडं मारलंय? मी लगेच पुस्तक आणलं. (पुस्तक म्हणजे गाईड. मूळ नाटक फार जाड होतं.) त्यातल्या सहा पानांच्या सारांशावरून मी मराठी नाटक लिहिलं, गाणी साफ कापली आणि राजाचं काम स्वतःकडे घेतलं.

तालमीच्या पहिल्याच दिवशी बाबांनी विचारलं, "बाबू, माहा पार्ट कोनता हाय?"

"बाबा, ह्याच्यात विनोद नाई. शोकांतिका हाय."

"म्हंजे?"

"शेवटी सारेच मरते."

"मरते तं मरू दे ना. मराच्या पयले तं हासत असतीन?"

"चारशे वर्सं जगभर चालून रायलं हे नाटक. कोनीच हासत नाई!"

"चारशे वर्सं हासले नाई?" बाबांना खरंच वाईट वाटलं. "मंग लोक येते कायले?"

याचं उत्तर गाईडात नव्हतं. बाबा जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "सिहोऱ्याचे इवाई येऊन रायले औंदा. मी त्यायले निरोप धाडला का माहा पार्ट पाहा म्हून."

इवाई म्हणजे व्याही, माझ्या ताईचे सासरे. ताईच्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि त्यांनी बाबांना रंगमंचावर एकदाही पाहिलं नव्हतं. बाबांना आपलं काम त्यांना दाखवायची किती हौस आहे, हे मला स्वच्छ कळत होतं. पण खरं सांगतो, शहरात गेल्यापासून मला त्या छत्रीची लाज वाटायला लागली होती. मी म्हणालो, "तुम्ही पडदा ओढा."

"पडदा बी म्हत्वाचाच असते," बाबा म्हणाले आणि त्यांनी छत्री खुंटीला अडकवली.

तिकडे लंडनला पूर्वी ही नाटकं दिवसाउजेडी होत, असं गाईडात होतं. म्हणून मी नाटक दुपारी चारला ठेवलं! गावचे नाटक मंडळवाले उडालेच.

"बे, दुपारी पट हाय ना!"

"पट सकाळी उरका."

पट सकाळी उरकला. लोक पोटभर जेवून तणशीवर येऊन बसले आणि भाताच्या त्या मऊ पेंढ्यावर, उन्हाच्या उबेत, निम्मे पेंगले. उरलेल्या निम्म्यांना आमच्या राणीच्या मिशा दिसत होत्या. राणी म्हणजे गावचा शिंपी. एका नाटकापायी मिशा काढायला तो तयार नव्हता.

मी "हे निष्ठुर दैवा!" म्हणून सुरुवात केली. समोरून आवाज आला, "गाना कवा हाय?" दुसऱ्या अंकात राजपुत्र मेला, तेव्हा चौघांनी विचारलं, "दसरूभाऊ कवा येते?" तिसऱ्या अंकात राणीनं विष घेतलं आणि पहिल्या रांगेत खाटेवर बसलेले इवाई उभेच राहिले. "आमचे इवाई कुठी हाय? आमी त्यायच्यासाठी आलो ना बाप्पा!"

मेलेली राणी उठून बसली. "थे पडद्यावर हाय," असं सांगून ती पुन्हा मेली.

शेवटी मी मेलो. छातीत सुरा खुपसून, दोन पानांचं स्वगत म्हणून, अगदी रीतसर मेलो. आता पडदा पडायचा. पडला नाही. नाकावर एक माशी येऊन बसली. "बाबा, पडदा!" मी मेल्या मेल्या पुटपुटलो.

"राजा बोलला बे!" कोणीतरी ओरडलं.

मी एक डोळा किलकिला करून विंगेत पाहिलं. बाबा दोरी धरून उभे होते आणि दुपट्ट्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होते. अख्ख्या गावात माझं नाटक एकाच माणसाला भिडलं होतं! मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की खरोखरच मरावंसं वाटलं. पण पडदा तर पाडायला हवा होता.

मी उठलो. (मेलेल्या राजानं उठू नये, हेही गाईडात नव्हतं.) पडद्याला हिसका दिला, तो अर्ध्यावर येऊन माझ्याच मुकुटात अडकला. आणखी जोर लावला, तर वरचा बांबू पडद्यासकट माझ्या पाठीवर आला! बाबा धावत मंचावर आले. "लागलं का बाबू?" त्यांच्या डोळ्यांतून धारा चालल्या होत्या.

लोकांनी त्यांना पाहिलं मात्र! "आले! दसरूभाऊ आले!" पेंगणारे जागे झाले, शिट्ट्या वाजल्या. बाबांचं रडणं हाच त्यांचा पार्ट, अशी सगळ्यांची समजूत झाली.

"हासता कायले बे?" बाबा खरंखुरं चिडले. "माहा पोरगा मेला ना इथं!"

लोक तणशीवर गडाबडा लोळायला लागले. इवाई पोट धरून हसत होते. बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बांबूखाली अडकलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या काय ते ध्यानात आलं. डोळे पुसून त्यांनी माझा मुकुट स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि मला दंडाला धरून उठवलं. "चाला राजेसायेब. मेले तं मेले, बैलायले पानी दाखवाचं हाय."

टाळ्या थांबेनात.

घरी जेवताना इवाई म्हणाले, "असा पार्ट म्या जनमात पायला नाई, इवाई!"

"हे सारं बाबूनंच बसोलं," बाबा म्हणाले, आणि माझ्या पानात त्यांनी आणखी भात वाढला. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

नागपूरला परतल्यावर मात्र मी भर वर्गात सरांना नाटकाची बातमी दिली. सर खूश झाले. "वा! मग विदूषक कोणी केला?"

"विदूषक?"

"मूळ नाटकात आहे ना! तो आधी मनमुराद हसवतो, म्हणून तर शेवटी रडू येतं. त्याच्याचसाठी लोक अजून येतात."

गाईडवाल्यानं जागा वाचवायला तो गाळला होता.

"माझ्या वडिलांनी केला," मी म्हणालो.

"शेतकरी माणसानं? इतकं अवघड काम? त्यांना शिकवलं कोणी?"

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघत होता.

"मीच, सर," मी म्हणालो.