नानाचा गुडघा आणि कारखान्यातला खड्डा

सुरेशचा फोन आला तेव्हा माझा उजवा पाय हवेत होता. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी रोह्याच्या घरी पलंगावर पडून गुडघ्याचा व्यायाम करत होते. पाय सरळ उचलायचा, दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली ठेवायचा. सात झाले आणि फोन वाजला. मोजणी अर्धवट सोडायची मला सवय नाही, म्हणून आठ, नऊ, दहा पुरे करून उठले. "आत्या," माझा भाचा, नानाचा मुलगा, पेणहून म्हणाला, "नाना गेले. पहाटे उठवायला गेलो तर..." रिसीव्हर ठेवल्यावर मला सर्वांत आधी आठवलं ते हे, की हे व्यायाम डॉक्टरांनी नानाला सांगितले होते. त्याने ते एक दिवसही केले नाहीत. सहा वर्षं त्याच्या वाटचे मीच करत होते.

निखिल आणि मैत्रेयी, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांनी राग मानू नये. माझी नातवंडं कॅनडात असतात आणि त्यांची आई त्यांना हे वाचून दाखवील. तुम्ही ज्यांना 'गणपतीवाले आजोबा' म्हणता तो नाना, माझा धाकटा भाऊ. मी मुंबईला कॉलेजात जाऊन इंग्रजीतून विज्ञान शिकले आणि रोह्याच्या शाळेत शिक्षिका झाले. नाना सातवीनंतर वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात बसला आणि बसला तो बसलाच. मांडी घालून, शाडूच्या मातीत, दिवसाचे बारा-बारा तास. साच्यातून मूर्ती काढणं, हात जोडणं, रंग देणं ही कामं कारखान्यात कुणीही करी. डोळ्यांची आखणी मात्र फक्त नाना करायचा. पाटावरच्या मूर्तीसमोर जमिनीवर बसायचं, आपली नजर तिच्या नजरेच्या जरा खाली ठेवायची आणि श्वास रोखून ब्रश टेकवायचा, असं आमच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. त्याच्या हातचे डोळे पाहून माणसं दारातच हात जोडत.

ब्याण्णव साली त्याचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. पेणच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं की मांडी घालणं आणि उकिडवं बसणं कायमचं बंद, नाहीतर वर्षभरात चालणंही बंद होईल. नानाने तेल लावलं, रुईची पानं बांधली आणि पुन्हा मांडी घालून बसला. मी पेणला जाऊन त्याला इंग्रजी पुस्तकातली आकृती दाखवली, तीन मुद्दे मांडले, व्यायामाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. तो म्हणाला, "अक्का, गणपती दहा-दहा दिवस मांडी मोडून बसतो, त्याचा गुडघा दुखत नाय तो?"

"त्याच्या गुडघ्यात माती असते नाना. तुझ्यात कूर्चा आहे आणि ती झिजली आहे."

"मग माती बरी गो!"

एवढं बोलून तो कामाला लागला, पण उठताना भिंतीला धरून त्याने दात आवळले ते मी पाहिलं. डोळ्यांची आखणी बंद झाली तर हा माणूस जेवायचाही बंद होईल, हे मला कळत होतं. सांगून तो ऐकणार नव्हता. त्याला हाताने करायला दिलं तरच काही उपयोग होता. त्या वर्षी माझ्या निवृत्तीआधीचं शेवटचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी नानाला म्हटलं, मला शाळेसाठी गुडघ्याची मूर्ती करून दे. खऱ्यासारखी वाकणारी. मांडीचं हाड, नडगीचं हाड, वाटी, मधल्या गाद्या, बांधणाऱ्या दोऱ्या, सगळं पाहिजे.

झालं! कारखान्यात गुडघ्यांची साथ आली. आकृती बघून नानाचं समाधान होईना, तो येईल त्याचा गुडघा चाचपू लागला. एक गृहस्थ पुढच्या वर्षीची मूर्ती सांगायला अलिबागहून आले, तर त्यांना खुर्चीवर बसवून नानाने विचारलं, "पँट जरा वर घेता काय?" सुरेशची बायको मला कळवळून म्हणाली, "आत्या, गिऱ्हाईकं पळतील हो!" पण पंधरा दिवसांत मूर्ती तयार झाली. मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं, नडगीचा सपाट माथा, मध्ये सायकलच्या ट्यूबच्या दोन चंद्रकोरी, आत एकमेकींवरून गेलेल्या सुतळ्या आणि पुढे दोरीने बांधलेली वाटी. वाकवला की वाटी खाचेतून सरकायची. मी टाळ्याच वाजवल्या. मग त्याने तो सांधा हळूहळू सरळ केला आणि अगदी शेवटी नडगी किंचित बाहेरच्या बाजूला वळली.

"हे काय? इथे चुकलं," मी म्हटलं. "गुडघा बिजागरीचा सांधा आहे. दारासारखा. पुढे-मागे, बस्स."

"बिजागरी नाय अक्का. शेवटी जरासा वळतो, मगच घट्ट बसतो. चाळीस गुडघे बघितले मी."

"तीस वर्षं शिकवते आहे मी!"

"मग तीस वर्षं तू पोरांना दार शिकवलंस."

वेळ नव्हता म्हणून मी तो दोष तसाच ठेवला. दुसरा दोष रंगाचा होता. रंगकाम करणाऱ्या बायकांनी हातच्या सवयीने हाडांना सुंदर गुलाबी रंग दिला होता आणि मांडीच्या हाडाला वरच्या टोकाशी पीतांबराचा सोनेरी काठ काढला होता. तोही खरवडायला वेळ नव्हता. निघताना नानाने, पुन्हा सवयीनेच, मूर्तीवर नवा रुमाल टाकला. आमच्या पेणहून गणपती नेताना तोंड झाकूनच नेतात.

आता ऐका. दिवस माघी गणपतीचे. मी पाटावर झाकलेली मूर्ती घेऊन पेण-रोहा एसटीत चढले मात्र, लोक उभे राहिले. पुढची जागा मोकळी झाली. कुणीतरी "मोरया!" म्हणालं, एका आजोबांनी चपला काढल्या. कंडक्टरने माझं तिकीट फाडताना आवाज खाली आणून ड्रायव्हरला सांगितलं, "दादा, सावकाश घ्या, देव हाय गाडीत." मी तोंड उघडलं होतं, खरं सांगणार होते, पण शेजारी बसलेली मिठागरावरची बाई एवढ्या भक्तीने रुमालाला हात लावून नमस्कार करत होती की मला धीर होईना. तिने विचारलं, "किती दिसांचा गो बाय?" प्रदर्शन तीन दिवसांचं होतं. मी खोटं बोलत नाही, म्हणून सांगितलं, "तीन दिवसांचा."

नागोठण्याच्या अलीकडे गाडीला असा दणका बसला की रुमाल उडाला, सांधा झटक्यात सरळ झाला आणि गुलाबी नडगी समोरच्या आजोबांच्या छातीला जाऊन टेकली. आजोबा दोन्ही हात जोडून बसले होते, ते तसेच राहिले.

"अगो बाय माझे! ह्या काय?" मिठागरवाली.

"गुडघा," मी म्हटलं. "शाळेसाठी आहे. माझ्या भावाने केलाय."

मला वाटलं आता खाली उतरवतात. पण ती बाई तो गुडघा निरखून बघत होती. मग म्हणाली, "माझाबी दुखतोय गो. मिठात उभं राहून राहून. ह्यात काय बिघडतं ता दाखव ना." मग काय! आजोबांनी आपला पुढे केला, धाटावच्या कंपनीत शिफ्टला चाललेले दोघे मागून उठून आले, कंडक्टर घंटी मारायला विसरला. ट्यूबच्या चंद्रकोरी दाखवत मी सांगत गेले की ही गादी झिजली की हाडावर हाड येतं, म्हणून उकिडवं बसू नका, मांडीचे स्नायू बळकट ठेवा. रोहा आलं तेव्हा बाई उतरता उतरता पुन्हा एकदा गुडघ्याच्या पाया पडली. "असूं दे," म्हणाली, "ह्यानंच चालतंय सगळा."

प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून एक वयस्क डॉक्टर आले होते. सोनेरी काठाकडे त्यांनी सौजन्याने दुर्लक्ष केलं. मी पाठ म्हटल्यासारखं "बिजागरीचा सांधा" म्हणत होते आणि ते सांधा वाकवून सरळ करत होते. एकदा, दोनदा, तीनदा. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, शेवटी नडगी बाहेर वळते आणि सांधा घट्ट बसतो, हे शाळेच्या पुस्तकात नसतं. हे कुणी दाखवलं?" मी नानाचं नाव सांगितलं. त्याच संध्याकाळी पेणला पोस्टकार्ड टाकलं: "नाना, गुडघा वळतो. तू बरोबर, मी चूक. अक्का." ते कार्ड त्याने कारखान्यात माझ्या वेळापत्रकावरच चिकटवलं. गिऱ्हाईकाला गणपती दाखवायच्या आधी तो ते कार्ड वाचायला द्यायचा.

पण त्या विजयानंतर तो माझ्यापुढे जरा नरमला. आकृतीने जे केलं नव्हतं ते सुतळी आणि ट्यूबने केलं होतं. "कळलं गो," म्हणाला. "मी मांडी घातली की आत काय चिरडतं ता बघितलं हातांनी. पण डोळे कसे काढू?" मी खुर्चीचा मुद्दा काढला. देव खाली पाटावर आणि आपण वर खुर्चीवर, हे त्याला जमणार नव्हतं. मूर्ती टेबलावर ठेवू म्हटलं, तर म्हणाला जमिनीवर बूड टेकलं नाही की हात थरथरतो. मी चिडून रोह्याला परत आले. आठवड्याने गेले तर कारखान्याच्या मधोमध, मूर्तीच्या पाटासमोर, हातभर रुंद आणि गुडघाभर खोल खड्डा! नाना जमिनीवरच बसला होता, पण खड्ड्याच्या काठाला, पाय आत सोडून. गुडघे खुर्चीवर असावेत तसे. देव पाटावर, नाना जमिनीवर, नजर बरोबर नजरेच्या खाली.

"मांडी नाय, उकिडवा नाय," तो म्हणाला. "सांग तुझ्या डॉक्टराला."

त्या खड्ड्यावरून मी सहा वर्षं त्याच्याशी भांडले. कारखान्यात खड्डा असतो का? मैत्रेयी, तू पाच वर्षांची असताना त्यात पडली होतीस आणि नानाआजोबांनी तुझ्या नाकावर पिवळा रंग लावून तुला हसवलं होतं. एकदा बँकेचे साहेब पडले, त्यांना रंग लावता आला नाही. मी तीन पत्रांत लिहिलं की बुजवून टाक. पण डोळे मात्र सहा वर्षं नानाच काढत राहिला, या वर्षीच्या शेवटच्या गणपतीपर्यंत. उठताना त्याची एक रीत असायची. काठावर बसल्या बसल्याच उजवा पाय वर घेऊन हळूहळू सरळ करायचा, हात गुडघ्यावर ठेवायचा आणि मला ऐकू जाईल असं म्हणायचं, "वळला!" मगच उभा राहायचा. त्याला वैद्यकीय अर्थ काही नव्हता. तो अर्थ फक्त माझ्यासाठी होता.

परवा पेणला गेले होते. सुरेश कारखान्यात फरशी घालतोय. खोक्यांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि खड्ड्याशेजारी मातीचा ढीग तयार होता. "आत्या, तू इतकी वर्षं सांगत होतीस ना," तो म्हणाला. "आज बुजवून टाकतो. पुढच्या वर्षीपासून डोळे मलाच काढायचेत. घालीन मांडी. माझे गुडघे अजून चांगले हायत."

"नानाचेही होते," मी म्हटलं.

आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, मी त्या खड्ड्याच्या काठाशी बसले. पाय आत सोडले. काठ बसून बसून गुळगुळीत झाला होता, तळाशी त्याच्या टाचांनी दोन खळगे पडले होते. माझ्या टाचा तिथवर पोचत नव्हत्या. समोर रिकामा पाट होता. बराच वेळ बसले... उठायचं म्हणून उजवा पाय सावकाश सरळ केला, हात गुडघ्यावर ठेवला, आणि अगदी शेवटी तळहाताखाली ते जाणवलं. सहा वर्षं व्यायाम करते आहे, दहापर्यंत मोजते आहे, पण हात ठेवून कधी बघितलं नव्हतं.

"वळला," मी म्हटलं.

"काय झालं, आत्या?"

"काही नाही. फरशी खड्ड्याच्या काठापर्यंतच घाल. आणि ये, इथे बसून बघ जरा."