तिघांच्या रांगेतली मधली सीट

प्रारंभीच क्षमा मागते. मी लेखिका नव्हे. चेन्नईतल्या केंद्र सरकारच्या एका कचेरीत बत्तीस वर्षे इतरांच्या अर्जांची छाननी केली आणि त्यांवर दोन-दोन ओळींचे शेरे लिहिले. त्यापलीकडे माझ्या लेखणीची मजल कधी गेली नाही. वयाच्या पासष्टाव्या वर्षी पुरवणीच्या वाचकांसमोर आपल्या सख्ख्या भावाविषयी लिहायला बसावे, हे माझे मलाच आगाऊपणाचे वाटते. शिवाय गेलेल्या माणसाविषयी जसे हळुवारपणे लिहावे अशी अपेक्षा असते, तसे मला साधेल असे दिसत नाही. अण्णाला जाऊन सात आठवडे झाले, तरी माझा त्याच्यावरचा राग उतरलेला नाही. त्याला आदरार्थी बहुवचन लावून पाहिले, तर तो दुसराच कोणी भला गृहस्थ वाटू लागला. म्हणून एकवचनच ठेवले आहे.

त्या दिवशी सकाळी नंगनल्लूरला आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मी कढीपत्ता निवडत होते. वहिनींचा फोन आला. "वन्सं, लवकर या. हे उठत नाहीत... आणि मला मेला तो पट्टा सुटत नाहीये." रिक्षा करून वेस्ट मांबलमला अण्णाच्या घरी पोहोचेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या शेजारीण मामींनी पट्टा सोडवला होता आणि गल्लीतले डॉक्टर येऊन गेले होते. अण्णा दिवाणखान्यात आपल्या नेहमीच्या जागी, मधल्या सीटवर, ताठ बसलेला होता. मांडीवर वर्तमानपत्र होते. मला रडू येण्याआधी चीड आली, हे कबूल करते. घरात वर्तमानपत्र वाचताना कमरेला पट्टा बांधणारा माणूस साऱ्या चेन्नईत दुसरा नसेल, आणि मृत्यूनेही त्याला तसाच गाठावे!

पट्ट्याचा खुलासा करायला हवा. अण्णा गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात कामाला होता. तिथे प्रवासी विमानांच्या सीटा दुरुस्तीला येत. पाठ मागे न जाणारी सीट, समोरचा ट्रे अडकवून ठेवणारी सैल झालेली कडी, हातांची मोडकी विसावणी, फाटलेली आवरणे... या गोष्टींत त्याचे सारे आयुष्य गेले. निवृत्तीच्या सुमारास एका जुन्या विमानाच्या सीटा मोडीत निघाल्या, तेव्हा मालकांना गळ घालून त्याने तिघांची एक अख्खी रांग घरी आणली. ती दारातून आत येईना, म्हणून दाराची चौकट काढावी लागली. विमानात सीटांचे पाय जमिनीतल्या रुळांत बसवतात. ते घरात नाहीत, म्हणून दोन सागवानी फळ्यांवर ते पाय ठोकून घेतले. वहिनींचा चांगला वेताचा सोफा जिन्याखाली गेला आणि त्या जागी निळसर कापडाची, हाताच्या विसावणीत राखदाणी असलेली ती रांग भिंतीला पाठ लावून उभी राहिली. वहिनींचे माहेर तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. बोलताना मराठीत तमिळ कधी मिसळते ते त्यांना कळत नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "अय्यो, लोक काय म्हणतील! आता जेवणही ढकलगाडीतून वाढू का?" पुढे त्या राखदाणीत त्यांनी सेफ्टी पिना ठेवायला सुरुवात केली. तेवढाच त्यांचा सूड.

पाहुण्यांचे हाल विचारू नका. बसल्याबरोबर, "पट्टा लावा." पाठ मागे नेली, की "आधी मागच्याला विचारा." मागे भिंत होती! चहाचा कप विसावणीतून निघणाऱ्या ट्रेवर ठेवताना ट्रे पुरता खाली आला आहे की नाही, हे तो स्वतः वाकून पाही. आमच्या कचेरीतल्या एक वरिष्ठ बाई एकदा माझ्याबरोबर तिथे आल्या होत्या. पंधरा मिनिटे त्या पट्ट्यात बसल्या आणि नंतर कधीही त्यांनी माझ्या माहेरचे नाव काढले नाही.

चेन्नईतल्या मराठी मंडळींमध्ये मात्र त्याला मान होता. कोणाला पुण्याला, मुंबईला, नागपूरला जायचे असले, की तिकीट काढण्याआधी अण्णाला फोन. ओरगडमच्या मोटार कारखान्यांतली तरुण मुलेही करत. माझ्यासमोर झालेले एक संभाषण मला शब्दशः आठवते.

"अण्णा, आईला एकटीलाच पाठवतोय. गुडघा दुखतो तिचा."

"कुठला?"

"म्हणजे?"

"अरे, डावा की उजवा? डावा असेल तर डी घे, डाव्या हाताला वाट येते, पाय लांब करता येतो. उजवा असेल तर सी. आणि उठते किती वेळा?"

"ते... विचारून सांगतो."

"विचार. आणि एक्झिटच्या पुढची रांग घेऊ नकोस, तिची पाठ मागे जात नाही. अगदी शेवटची तर फुकट दिली तरी नको. पाठ ताठ, शेजारी संडास, आणि खाण्याची गाडी येईस्तोवर उपमा संपलेला."

एका नवविवाहिताने सासूबाईंपासून दूरची सीट मागितली, तेव्हा अण्णाने त्याला गंभीरपणे विचारले होते, "रांगेने दूर की कानाने दूर? कानाने हवी असेल तर पंखामागे बस." पुढच्या महागड्या वर्गाचे त्याला मुळीच अप्रूप नव्हते. "तिकडे पैसे मोजून हातपाय पसरतात. त्यात डोकं काय लागतं?" असे म्हणे. त्याची सारी बुद्धी पडद्याच्या अलीकडच्या, गुडघ्याला गुडघा लागणाऱ्या रांगांसाठी राखून ठेवलेली होती.

आणि इतके सगळे ठाऊक असलेला हा माणूस स्वतः मात्र प्रत्येक वेळी मधल्या सीटवर बसत असे. खिडकी वहिनींना, वाटेलगतची मला, आणि मध्ये हा, दोन्ही खांदे आत ओढून. मधल्याला दोन्ही विसावण्या मिळाव्यात असा शिष्टाचार आहे, असे जगाला सांगणारा हा माणूस स्वतःचे हात मांडीवर घेऊन बसे. मी एकदा वैतागून म्हटले, "अण्णा, निदान एकदा तरी खिडकी घे ना!" तर म्हणाला, "तिघांची रांग आहे, शालू. मध्ये कोणीतरी बसावंच लागतं." पुन्हा विचारायची सोय नाही, अशा सुरात.

आई गेली तेव्हा आम्ही दोघेच पुण्याला निघालो होतो. त्या दिवशी त्याने मला खिडकी दिली. मी सारा वेळ काचेकडे तोंड करून रडत होते, आणि हा शेजारच्या अनोळखी गृहस्थांना समोरच्या सीटची यंत्ररचना समजावत होता. ट्रेची कडी उघडून दाखवली, मिटून दाखवली, पुन्हा उघडून दाखवली. आई गेलेली असताना याला कड्या सुचतात, या विचाराने मी इतकी संतापले, की उतरल्यावर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्या गृहस्थांनी पूर्ण प्रवासात एकदाही माझ्याकडे वळून पाहिले नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला पुष्कळ वर्षे जावी लागली. त्याने ते मुद्दाम केले, की त्याला खरोखरच कड्यांखेरीज काही सुचत नव्हते, हे मी कधी विचारले नाही. संकोच वाटला.

आता ज्यासाठी लिहायला बसले, त्या शेवटच्या प्रवासाकडे येते. पुण्यात मामेभावाच्या मुलीचे लग्न होते. अण्णाची प्रकृती उतरली होती, चालताना काठी लागत होती. मी मनाशी ठरवले, की या खेपेला त्याला न विचारता तिकिटे काढायची. प्रश्नोत्तरांना मी कंटाळले होते हे एक कारण. आणि त्याच्यासाठी कोणीतरी, एकदा तरी, चांगली सीट निवडावी असे फार वाटत होते हे दुसरे. संगणकाच्या पडद्यावर विमानाचा नकाशा पाहिला. मधल्या दरवाजापाशी एका रांगेत पाय पसरायला ऐसपैस जागा दिसत होती. तीन सीटा घेतल्या. खाली काही अटी होत्या, त्यांच्यापुढच्या चौकोनात खूण केली. बत्तीस वर्षे लोकांच्या अर्जांतल्या अटी अक्षर न अक्षर वाचणाऱ्या बाईने त्या अटी वाचल्या नाहीत... छापील पास मी आदल्या दिवशी दुपारी त्याच्या हातात ठेवले आणि म्हटले, "या वेळी काही बोलू नकोस. मी निवडलंय." त्याने पास पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाला, "छान. पाय मोकळे राहतात तिथे."

विमानात आम्ही बसतो न बसतो, तोच हवाई सुंदरी आली. वागायला अगदी नम्र होती. त्या दरवाजापाशी बसणाऱ्याला वेळ पडली तर तो जड दरवाजा उचलून बाहेर टाकावा लागतो. काठी घेतलेल्या माणसाला तिथे बसवण्याची परवानगी नाही, असे तिने सांगितले. विमान भरलेले होते. एकच जागा रिकामी होती. अगदी शेवटच्या रांगेत.

मी उठते, मी जाते, असे मी म्हणायला हवे होते असे तुम्हाला वाटेल. मी जाऊन उपयोग नव्हता. हलवायचे होते ते त्यालाच. तो उठला, काठी घेतली, "येतो" म्हणाला, जणू शेजारच्या घरी निघाला आहे. साऱ्या रांगांमधली डोकी वळली. मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. वहिनी खिडकीशी, मी वाटेलगत, आणि मध्ये रिकामी सीट. तिचे दोन्ही पट्टे तिच्यावर नीट जुळवून ठेवून तो गेला होता.

वहिनींनी त्याच्यासाठी दहीभाताचा डबा आणला होता. तो द्यायला मी उठले, तर वाटेत खाण्याची गाडी उभी. ती मागे जाईपर्यंत थांबले, पुन्हा उठले, तर संडासासाठी लागलेली रांग. ती सरेतो विमान उतरू लागले आणि पट्टे बांधण्याची खूण पेटली. डबा माझ्या मांडीवरच राहिला. तो अगदी शेवटी उतरला. सगळे प्रवासी निघून गेल्यावर काठी टेकत आला आणि पहिले वाक्य म्हणाला, "मागच्या रांगेतली ट्रेची कडी सैल झाली होती. त्या मुलीला सांगून आलो."

"खाल्लंस काही?"

"उपमा संपला होता."

मग मात्र माझा तोल गेला. सामानाच्या पट्ट्यापाशी, चारचौघांत, मी त्याच्यावर ओरडले. "तुला माहीत होतं ना? सगळ्या जगाला न विचारता सांगत फिरतोस, मग मलाच का नाही सांगितलंस? माझी फजिती पाहायची होती?" तो सामानाकडे पाहत राहिला. "आपली बॅग आली बघ," म्हणाला. लग्नात मी त्याच्याशी तुटकपणे वागले. परतीची तिकिटे त्यानेच पाहिली: वहिनी खिडकीशी, मी वाटेलगत, तो मध्ये. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला. ते ओरडणे आमच्यात तसेच पडून राहिले.

गेल्या महिन्यात वहिनींना मी धीर करून विचारले. त्या भाजी चिरत होत्या, चिरतच राहिल्या. "पास पाहिले तेव्हाच कळलं होतं त्यांना. मी म्हटलं, अहो, सांगा की वन्संना, बदलून घेतील. तर म्हणाले, 'पोदुम, पुरे, तू गप्प बस. शालूने जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी सीट निवडलीय. बसू दिलं तर बसेन.'"

वाचकहो, या वाक्याने माझे डोळे भरून आले असतील अशी तुमची समजूत होईल. भरून आले, नाही असे नाही. पण त्याहून अधिक राग आला. जन्मभर न विचारता बोलत आलेल्या माणसाने एकदाच मौन पाळले, आणि ते अशा जागी, की मी त्याच्यावर ओरडावे आणि क्षमा मागायला तो राहू नये! ही कुठली रीत झाली? सांगितले असतेस तर मी दोन मिनिटांत सीटा बदलल्या असत्या, अण्णा. तुला दहीभात मिळाला असता.

हल्ली मी रोज संध्याकाळी मांबलमला जाते. ती रांग अजून दिवाणखान्यात आहे. विकून टाका म्हणून सुचवले, तर इतकी वर्षे जिच्या नावाने खडे फोडले तिच्यासाठी वहिनी माझ्याशी भांडल्या. त्या खिडकीकडच्या टोकाला बसतात, मी दुसऱ्या टोकाला. मधल्या सीटवरचे पट्टे वहिनींनी जुळवून ठेवले आहेत. आम्ही दोघी त्या रिकाम्या जागेवरून एकमेकींशी बोलतो, जरा मोठ्याने बोलावे लागते.

परवा खालच्या मामी वर आल्या. त्यांचे गुडघे धरलेले, जिना चढून धाप लागलेली. घरातली एकुलती खुर्ची सुताराकडे गेली आहे. मामींनी मधल्या सीटकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि दाराशी उभ्याच राहिल्या. त्यांना त्या जागी बसवणे आमच्या जिवावर आले. दोघींपैकी एकीने मध्ये सरकायचे आणि टोकाची जागा त्यांना द्यायची, इतके साधे होते. वहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या, मी वहिनींकडे. "परवाइल्लै, असू दे," म्हणून मामी दोन मिनिटांत खाली गेल्या... त्या जिना उतरत होत्या, तेव्हा काठीसारखा आवाज कशाचा येतो हे पाहायला मी उठले. कठड्याला त्यांच्या बांगड्या लागत होत्या.

त्या उद्याही येतील. तिघांची रांग आहे, मध्ये कोणीतरी बसावेच लागणार. तुम्हीच सांगा, आम्हा दोघींपैकी तिथे कोणी सरकावे?