पट्टीमामांनी ओढलेली खाट

डॉक्टरांनी कॅल्शिअमची रोज एक गोळी सांगितली होती. मी तीन खाल्ल्या. शिवाय मोडलेल्या पायाला वारं लागू नये म्हणून दीड महिना खिडक्या लावून अंधाऱ्या खोलीत पडून राहिलो. तरी एक्स-रेत हाड जुळण्याची खूण नव्हती. महिनाभरात दिसली नाही तर ऑपरेशन करून सळई टाकू, असं डॉक्टर म्हणाले.

मेहकरच्या त्या दवाखान्यात प्लास्टर घालायला पट्टीमामा होते. त्यांना माणसांची नावं आठवत नसत, हाडं आठवत. मी 'डोणगावची डावी नळी' होतो.

रक्ताच्या तपासणीत ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं आणि गळ्यातल्या गाठींचं हार्मोन चढलेलं. "तीन-तीन गोळ्या खाऊन?" मी विचारलं.

"गोळी पोटात गेली म्हणजे रक्तात गेली काय? तिले आत घ्यायले ड लागते, अन् ते उन्हातून येते," मामा म्हणाले. "गळ्यात गव्हाएवढ्या चार गाठी आहेत, पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यावानी. रक्तात कॅल्शिअम कमी पडलं की त्या हाडातलं सोडते. मंग जुळणाऱ्या हाडाले काय राहीन?"

"मग माझ्या गोळ्या गेल्या कुठं?"

"ते तुमाले सकाळी संडासात बसल्यावर कळत असन."

कळत होतं. तासन्‌तास कळत होतं.

डॉक्टरांनी ड च्या पुड्या दिल्या, गोळी एकावर आणली आणि ऊन सांगितलं. मामाही डोणगावचेच. कामावर जाताना माझी खाट निंबाच्या सावलीत सरकलेली दिसली की गाडी उभी करून ती माझ्यासकट उन्हात ओढत. एकदा मी खाट उन्हातच ठेवली, पण वर छत्री उघडली.

"काऊन, पापड झाकून वाळू घालते का कोणी?" म्हणत ते छत्री घेऊन गेले. ती अजून त्यांच्याकडेच आहे.

महिन्यानं मोडलेल्या जागेभोवती नव्या हाडाची पांढरी गाठ धरलेली दिसली. सळई टळली. पुढे माझं प्लास्टर कापलं, तो मामांचा नोकरीतला शेवटचा आठवडा. त्यांच्या हातून सुटलेल्या पायाकडे बघून मला भरून आलं.

"मामा, मीही नेटानं केलं म्हणून जुळलं."

मामांनी करवत पुसून ठेवली. "हाड आपलं आपण जुळते, भाऊ. तुमी त्याले अडवाची काही कसर ठेवली नव्हती."