परत ठेवलेला पेला

मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी पाहिलं, की आपल्या घरासमोरच्या ओट्यावर खाकी शर्टातला एक माणूस बाटली नाकाशी धरून उभा आहे आणि मी त्याच्यासमोर हात बांधून थांबले आहे. धाकटीने विचारलं, "आजी, ही टेस्ट आहे का?" हो, टेस्टच आहे. फोनवर सांगत बसले असते तर माझी उपासना चुकली असती, म्हणून लिहिते.

आपल्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, हे तुम्हाला माहीत आहे. येशूच्या आठवणीत त्यात भाकरीबरोबर घ्यायचा द्राक्षरस मी करते. लग्न होऊन मी मलकापूरला आले तेव्हा तो तुमच्या पणजी करायच्या. त्यांचे हात थकले तसं काम माझ्याकडे आलं. शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हाही, निवृत्त झाल्यावरही, तुमच्या बाबांच्या वेळचं बाळंतपण सोडलं तर कधी खंड पडला नाही. आमच्याकडे ताजी द्राक्षं बारा महिने मिळत नाहीत आणि दारू, मग ती कसलीही असो, मंडळीत चालत नाही. म्हणून काळ्या मनुका. शुक्रवारी रात्री धुऊन भिजत घालायच्या, शनिवारी उकळायच्या, कुस्करायच्या, पांढऱ्या मलमलीतून गाळायच्या आणि रस बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवायचा. रविवारी सकाळी मंडळीतल्या मुली तो अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यांत ओततात.

पणजींचा एक नियम होता. उपासनेआधी रस चाखायचा नाही. "प्रभूच्या आधी आपुन तोंड लावाव काय?" असं त्या म्हणायच्या. बायबलमध्ये असं कुठेही लिहिलेलं नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. हिंदू शेजारी नैवेद्याच्या भाजीचं मीठ आधी चाखून बघत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. कुणाच्या तरी बाप्तिस्म्याबरोबर तोही घरात आला असणार. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, पण नियम मोडला नाही. खरं सांगायचं तर मला तो आवडायचा.

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात मंडळीतली एक म्हातारी मोताळ्याला लेकीकडे आजारी पडली होती. महिला मंडळाने शनिवारी तिला भेटायला जायचं ठरवलं, म्हणून मी रस एक दिवस आधीच, शुक्रवारी सकाळी करून ठेवला. त्या दुपारी गल्लीची डीपी जळाली. वीज आली ती थेट शनिवारी संध्याकाळी. मी मोताळ्याहून परतले तेव्हा फ्रीज सुरू झाला होता. दूध नासलं होतं, ते फेकलं. फ्रीज सोड्याच्या पाण्याने पुसला. रसाची बाटली बाहेरून पुसून पुन्हा जागेवर ठेवली. इतकी मी व्यवस्थित!

आता त्या माणसाबद्दल. तो रिक्षा चालवतो. बारा-तेरा वर्षांपूर्वीपर्यंत त्याची बायको त्याला स्टेशनबाहेरून उचलून घरी आणायची. मग त्याने दारू सोडली, ती सोडलीच. आठवडाभर तो शाळेची मुलं नेतो, त्यावर त्याचं घर चालतं, आणि रविवारी संडे स्कूलची मुलं आणतो, त्याचं काही घेत नाही. आया त्याच्या भरवशावर मुलं पाठवतात, म्हणजे तो दारू पीत नाही या भरवशावर.

आपल्याकडे पाळकसाहेबांनी सांगितलं की सगळे एकदम पितात. त्या रविवारी त्याने पेला ओठांपर्यंत नेला, थांबला, पेला परत ट्रेमध्ये ठेवला आणि उठून बाहेर गेला. भरलेला पेला परत ठेवणं म्हणजे मनात पाप आहे, असंच सगळे धरून चालतात.

उपासनेनंतर आम्ही तिघी मागच्या नळावर पेले विसळत होतो. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणाली, "पाह्यलं का? पेला तसाच ठेवला. सुरू केली असंन यानं पुन्हा."

दुसरी म्हणाली, "मी तं उद्यापासून माह्या नातवाले त्याच्या रिक्षात बसवत नाई बाप्पा!"

तेवढ्यात तो भरलेला पेला माझ्या हातात आला. मी वास घेतला. उरलेल्या बाटलीचं झाकण फिरवलं तर फस्स करून आवाज आला. रस आंबला होता. बाकीच्यांना गार घोटात जरासा आंबट लागला असेल, मनुकांचाच आंबटपणा वाटला असेल. त्याला मात्र पहिल्या श्वासातच कळलं होतं.

मी बाटली मोरीत ओतली, पेले ओळीने पालथे घातले आणि काही बोलले नाही. इतक्या वर्षांत माझ्या कामात कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ते त्या दोघींसमोर ठेवलं जावं असं मला वाटत नव्हतं. दुसरं काही कारण नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्याची रिक्षा आपल्या दारावरून गेली. एरवी आठ मुलं दाटीवाटीने बसलेली असतात, दप्तरं बाहेर लटकत असतात. त्या दिवशी दोन होती. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले.

"सलाम, बाई. बसा," तो म्हणाला. त्याच्या बायकोने खुर्ची पुसून दिली.

मी विचारलं, "रसाला वास येत होता. तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कोनाले सांगू? बेवड्यानं उभं राहून सांगाव, की प्रभूच्या प्याल्याले दारूचा वास येऊन राह्यला? कोन मानते बाई?"

"मी मानलं असतं."

"तुमचंच तं नाव आलं असतं त्याच्यात." मग म्हणाला, "वास आला तं तोंडाले पानी सुटलं माह्या. म्हणून पळालो. दुसरं काई नाई."

त्याची बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "सहा पोरं कमी झाले, बाई."

रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" साक्षीला लोक बरं झालेलं दुखणं सांगतात, लागलेली नोकरी सांगतात. मी सगळं कागदावर क्रमाने लिहून नेलं होतं, पण चष्मा पर्समध्ये राहिला, म्हणून तसंच बोलले. डीपी, दूध, बाटली, वास. मी रस चाखला नव्हता, मागच्या रविवारी मला कळलं होतं तरी मी गप्प बसले, आणि मंडळीत त्या दिवशी दारूला नाही म्हणणारा हा एकच माणूस होता, हेही सांगितलं.

मग सेक्रेटरी मोठ्याने म्हणाली, "म्हणजे बाई, तुम्ही आमाले सगळ्याइले पाजली?"

पाळकसाहेबांसकट सगळे हसले. मी हसले नाही. तो खाली मान घालून बसला होता, पण त्याचे खांदे हलत होते. त्याच आठवड्यात रिक्षा बरीचशी भरली. एक आई मात्र अजून आपल्या मुलाला स्कूटीवरच आणते.

मी पाळकसाहेबांना सांगितलं, आता हे काम दुसऱ्या कोणाला द्या. ते काही बोलायच्या आत तोच मध्ये म्हणाला, "काऊन? बाईच करतीन. मी पाहून घेईन."

तेव्हापासून पहिल्या रविवारी, मुलांना आणायला जायच्या आधी, तो आपल्या ओट्यावर येतो. आता मी रस आधी चाखते, शनिवारी एक चमचा आणि रविवारी एक. पणजींची मनात माफी मागते आणि चाखते. पहिल्याच वेळी मी त्याला हे सांगितलं होतं.

"तुमच्या चाखण्यात काय हाय, बाई?" तो म्हणाला. "तुम्ही कधी पेली काय? आणा इकडं."

बाटली नाकाशी धरून तो डोळे मिटतो. तुम्ही पाहिलंत ते हेच. मग झाकण घट्ट लावतो, बाटली माझ्या हातात देतो, "हाव, चालते," म्हणतो आणि रिक्षा सुरू करतो.